विश्लेषण : बटाटाही श्वसन करतो! दहावीच्या धड्यातले सायटोक्रोम आणि कमला सोहोनी

दहावीच्या विज्ञान भाग २ ची उजळणी करताना गडमुडशिंगीपासून गडचिरोलीपर्यंतची मुले एका जागी अडखळतात. झाडे प्रकाशसंश्लेषण करतात आणि प्राणी श्वसन करतात, असा सोपा हिशेब डोक्यात बसलेला असतो. तो अर्धाच खरा आहे. झाडेही श्वसन करतात. दिवसा करतात आणि रात्रीही करतात. उसाच्या फडातले प्रत्येक मूळ, प्रत्येक पान आणि घरातल्या टोपलीत पडलेला बटाटासुद्धा या क्षणी ऑक्सिजन वापरून साखर मोडतो आहे. आपल्या स्नायूंमध्ये हे काम ज्या यंत्रणेने होते, जवळपास त्याच यंत्रणेने.

ही यंत्रणा वनस्पतींमध्येही तशीच आहे, हे दाखवणाऱ्या संशोधनात एका मराठी महिलेचा वाटा आहे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. ज्या संस्थेत त्यांना शिकायचे होते, तिने आधी त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. पेशी, विकरे, प्रथिने, श्वसन, किण्वन हे परीक्षेतले नेहमीचे शब्द त्यांच्या आयुष्यात एकामागोमाग एक येतात.

कोण होत्या कमला सोहोनी?

त्यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचेही शिक्षण बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये झालेले. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. घरातल्या मुलींनी शिकायचे की नाही, हा प्रश्न या घरात नव्हता. काय शिकायचे, एवढाच होता.

कमला यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सी केले. रसायनशास्त्र मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र दुय्यम. गुण उत्तम होते. पुढचे शिक्षण वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत घ्यायचे, हे जवळपास ठरलेलेच होते. त्यांनी अर्ज पाठवला.

बंगळुरूत नेमके काय घडले?

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. १९३० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले, देशभर नाव झालेले. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. वडील आणि काकांनी शब्द टाकून पाहिला. संस्थेचे जुने विद्यार्थी असूनही त्यांचे काही चालले नाही.

मग कमला स्वतः बंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मुलगी असणे हे नकाराचे कारण कसे होऊ शकते, याचे उत्तर मिळाल्याशिवाय हलायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. देशात सत्याग्रहाचे दिवस होते आणि ही भाषा त्या पिढीला नवी नव्हती. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परिविक्षेचे. काम संचालकांना पसंत पडले तरच ते ग्राह्य धरणार. मार्गदर्शकांनी सांगितले तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होईल असे काही करायचे नाही.

या शेवटच्या अटीतला अपमान कमला कधी विसरल्या नाहीत. वयाच्या ऐंशीनंतरही त्या याबद्दल जाहीरपणे बोलल्या. रामन यांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण त्यांच्या चरित्रात हे पानही आहे आणि ते गाळण्याचे कारण नाही.

मार्गदर्शक म्हणून त्यांना श्रीनिवासय्या मिळाले. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमला यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, नियमित संशोधनाची परवानगी मिळाली आणि १९३६ मध्ये त्या विशेष प्रावीण्यासह एमएस्सी झाल्या. यानंतर संस्थेचे दार मुलींसाठी उघडू लागले. पुढे हवामानशास्त्रात नाव कमावणाऱ्या अ‍ॅना मणी यांनी तर थेट रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले.

श्वसन म्हणजे फक्त नाकाने हवा घेणे नव्हे

कमला यांचे पुढचे काम समजण्यासाठी धड्यातला एक मुद्दा आधी पक्का करावा लागेल. परीक्षेच्या दृष्टीनेही तो मोलाचा आहे.

नाकाने हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे ही श्वसनाची बाहेरची पायरी. खरे काम पेशीत चालते. ग्लुकोजचा एक रेणू पेशीद्रव्यात मोडून पायरुविक आम्लाचे दोन रेणू बनतात. हे ग्लायकोलायसिस. याला ऑक्सिजन लागत नाही. पायरुविक आम्ल मग तंतुकणिकेत जाते, तिथे क्रेब चक्र फिरते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या दोन्ही टप्प्यांत ऊर्जा थोडीच हाती येते. मोठा वाटा अजून इलेक्ट्रॉनच्या रूपात अडकलेला असतो.

तो सोडवण्याचे काम इलेक्ट्रॉन वहन साखळीचे. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात प्रथिनांची रांग असते. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून बादली एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात देतात, तसे इलेक्ट्रॉन या रांगेतून पुढे सरकतात. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा मोकळी होते आणि तिच्यातून शेवटी एटीपी बनते. रांगेच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजन आयनांशी जोडला जातो आणि पाणी तयार होते. आपण ऑक्सिजन घेतो तो मुख्यतः या शेवटच्या जागेसाठी. तो नसेल तर रांग तुंबते.

ग्लुकोजच्या एका रेणूपासून शालेय पुस्तकांतल्या पारंपरिक हिशेबाने ३८ एटीपी मिळतात. नव्या मोजणीनुसार हा आकडा साधारण ३० ते ३२ धरला जातो. पेपरात अर्थातच पुस्तकातला आकडा लिहायचा.

सायटोक्रोम सी हे याच रांगेतले एक छोटे प्रथिन. माणसात ते १०४ अमिनो आम्लांचे बनलेले असते आणि त्याच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. हा अणू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो, पुन्हा घेतो आणि पुन्हा देतो. त्याच्या पुढच्या कडीला सायटोक्रोम ऑक्सिडेज म्हणतात. ते विकर आहे आणि इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सोपवते. सायनाइड इतके जहाल विष का आहे, याचे उत्तर इथेच मिळते. ते याच विकराला अडवते. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही.

केंब्रिजमध्ये बटाटाच का?

१९३७ मध्ये कमला भागवत शिष्यवृत्तीवर केंब्रिजला पोहोचल्या. तिथला जैवरसायनशास्त्र विभाग सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचा. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. विभागात जागा जवळपास भरलेल्या होत्या, तरी डेरेक रिक्टर यांच्या प्रयोगशाळेत त्यांची सोय झाली. त्याच वर्षी शेफील्डमध्ये हान्स क्रेब यांनी आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चक्र मांडले होते. म्हणजे आजचा हा धडा तेव्हा नुकता लिहिला जात होता.

रिक्टर गेल्यानंतर कमला यांनी रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हिल यांचे नाव प्रकाशसंश्लेषणातल्या हिल अभिक्रियेमुळे पुढे जगभर पोहोचले. इथे विषय होता वनस्पतींच्या ऊतींमधले श्वसन, आणि प्रयोगासाठी बटाटा.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. सायटोक्रोम ही रंगीत द्रव्ये आहेत. प्रकाशाचे ठरावीक रंग ती शोषतात आणि वर्णपटात काळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात. हिरव्या पानात मात्र हरितद्रव्याचा रंग इतका गडद असतो की हे पट्टे त्यात हरवतात. बटाट्याच्या आतल्या भागात हरितद्रव्य नसते, प्रकाशसंश्लेषणही नसते. जिवंत पेशी मात्र भरपूर आणि त्या सतत श्वसन करणाऱ्या. साठवणीतल्या बटाट्याच्या ढिगाला ऊब का येते, हवा खेळती का ठेवावी लागते, याचेही मूळ त्यातच आहे.

वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असते आणि त्यांच्या ऑक्सिडीकरणात ते भाग घेते, हे या कामातून पुढे आले. प्रबंध अवघा सुमारे ४० पानांचा होता. केंब्रिजला आल्यापासून जेमतेम १४ महिन्यांत काम संपले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय महिला, अशी त्यांची ओळख त्यानंतर कायम राहिली. त्या काळी केंब्रिज मुलींना शिकवत होते, पण विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व देत नव्हते. तो हक्क त्यांना १९४८ मध्ये मिळाला. अडवणूक फक्त बंगळुरूत नव्हती.

सायटोक्रोम सी त्यांनीच शोधले का?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या मजकुरात तसे सर्रास लिहिलेले असते. ते बरोबर नाही. सायटोक्रोम हे नाव डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये दिले आणि प्राणी, यीस्ट अशा वेगवेगळ्या सजीवांत ही द्रव्ये दाखवली. तेही केंब्रिजचेच. कमला यांचे योगदान वनस्पतींच्या श्वसनातली त्यांची भूमिका उलगडण्याचे. हिल यांच्याबरोबर उच्च वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर त्यांनी शोधनिबंध लिहिले, ते के. भागवत या माहेरच्या नावाने. हे कामच इतके मोठे आहे की त्याला वाढवून सांगायची गरज नाही.

त्याचप्रमाणे विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला हा उल्लेखही जपून करावा लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डीएस्सी दिली होती.

हेच सायटोक्रोम सी पुढे उत्क्रांतीच्या धड्यातही कामी आले. माणूस आणि चिंपांझी यांच्यातला त्याचा अमिनो आम्लांचा क्रम हुबेहूब सारखा आहे. सजीव जितके दूरचे, तितके फरक वाढत जातात. पण गहू असो, यीस्ट असो की माणूस, मूळ रचना ओळखता येते. उत्क्रांतीच्या पुराव्यांवर प्रश्न आला आणि जीवाश्म, अवशेषांगे यांच्या जोडीला हा रेणवीय पुरावा लिहिला, तर उत्तराला वजन येते.

वाल भिजवून, शिजवूनच का खायचे?

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. परदेशात संशोधनाची संधी असताना परत येणे हा त्यांचा निर्णय होता. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जैवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये विमाशास्त्रज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जैवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

इथून त्यांच्या कामाने वळण घेतले. केंब्रिजचा विषय पुढे नेला असता, तर कदाचित त्यांचे नाव जगातल्या पाठ्यपुस्तकांत अधिक ठळक दिसले असते. त्यांनी गरिबाच्या ताटात काय पडते, हा विषय घेतला. कडधान्ये, तांदळाचे पीठ, नीरा, दूध.

कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खाल्लेले प्रथिन पचले तरच उपयोग. प्रथिनांच्या पचनाची सुरुवात जठरात पेप्सिनने होते आणि लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन हे विकर ते काम पुढे नेते. वाल, डबल बी यांसारख्या कच्च्या शेंगदाण्यांच्या कुळातल्या दाण्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारी प्रथिने असतात. सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात भारतीय खाद्यपदार्थांतल्या अशा अवरोधकांचा शोध घेतला, ती वेगळी काढली, तपासली. उष्णतेने यातली बरीचशी निकामी होतात. कडधान्य भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याची घरोघरची पद्धत किती शहाणपणाची आहे, ते यातून कळते.

कोल्हापूरला लागून असलेल्या गडमुडशिंगीत गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे. दुभत्या जनावरांच्या घरात पेंडेतल्या प्रथिनांची चर्चा रोजचीच. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यातही हेच ट्रिप्सिन अवरोधक असतात. म्हणून तेल काढल्यानंतर उरणाऱ्या सोयापेंडीला उष्णतेची प्रक्रिया देतात. कोंबड्यांच्या खाद्यात तर ती टाळताच येत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव या अवरोधकांचा बराच बंदोबस्त करतात. कोंबडीला आणि माणसाला ती सोय नाही.

आता यातला परीक्षेचा भाग. विकर हे बहुधा प्रथिन असते, त्याचा ठरावीक आकार असतो आणि त्या आकारावर त्याचे काम अवलंबून असते. कुलपात चुकीची किल्ली अडकली तर कुलूप उघडत नाही, तसे अवरोधक विकराला अडकवून ठेवतो. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, मग तो अवरोधक असो की विकर. विकरांवर तापमानाचा परिणाम लिहा, या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरातल्या कुकरजवळच आहे.

नीरा, ताडी आणि राष्ट्रपती पुरस्कार

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड किंवा शिंदीच्या झाडापासून मिळणारा हा गोड रस ताजा असेपर्यंत नीरा, आंबला की ताडी. १९४९ चा दारूबंदी कायदा आलेल्या मुंबई राज्यात हा फरक केवळ चवीचा नव्हता.

फरक घडवते ते किण्वन. हवेतले, भांड्यातले यीस्ट रसात उतरते आणि ऑक्सिजन अपुरा असला की साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. हेच विनॉक्सिश्वसन. ग्लायकोलायसिस इथेही होते, पण इलेक्ट्रॉन वहन साखळीपर्यंत गाडी पोहोचत नाही. म्हणून एका ग्लुकोजमागे हाती येतात फक्त २ एटीपी. ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन यांतला फरक लिहिताना हा आकडा विसरायचा नाही.

सोहोनी यांना नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह लक्षणीय प्रमाणात आढळले. नीरा आटवून केलेल्या गुळातही पोषक घटक टिकतात, असे त्यांच्या कामातून दिसले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांच्या आणि गर्भवतींच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला.

संचालकपदाला चार वर्षे उशीर

एवढे होऊनही रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणात सुमारे चार वर्षे त्यांना डावलले गेले. बंगळुरूत नकार तोंडावर मिळाला होता, त्यामुळे त्याच्याशी भांडता आले. इथला नकार कुणी उच्चारला नाही, फक्त नियुक्ती लांबत गेली. अखेर त्या संचालक झाल्या आणि याच पदावरून निवृत्त झाल्या.

निवृत्तीआधीच, १९६६ मध्ये, मुंबईत काही महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना उभी केली होती. सोहोनी तिच्या संस्थापकांपैकी एक. भेसळ कशी ओळखायची, आहारात काय हवे, यावर त्या संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात साध्या भाषेत लिहीत. १९८२-८३ मध्ये त्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. योगायोग असा की थोरल्या बहिणीलाही स्वयंपाकघराची ओढ होती. दुर्गाबाईंनी ‘खमंग’ लिहून पदार्थांच्या चवीची दखल घेतली. धाकटीने त्याच पदार्थांतली प्रथिने मोजली.

मराठी वाचकांना दुर्गाबाई ठाऊक राहिल्या. कमलाबाई विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर बराच काळ अपरिचितच होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तेव्हाच्या महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना त्यांच्या कामाची थोरवी उमगली आणि १९९८ मध्ये परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा गौरव करायचे ठरवले. त्या समारंभासाठी कमलाबाई दिल्लीला गेल्या. सत्कार सुरू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.